रहिमतबीचा हात

रत्नाच्या डाव्या हातात पाचवी बांगडी चढवताना रहिमतबीच्या अंगठ्याखाली काच कडकन् मोडली. आवाज तो केवढा, पापड मोडल्याएवढासुद्धा नाही. पण लीलाबाईच्या माजघरात तिच्या लेकीचा चुडा बघत बसलेल्या दहाबारा बायका एकदम गप्प झाल्या, आणि कोपऱ्यात हळद कुटणारीचं मुसळ उखळावर तसंच उचललेलं राहिलं. रत्नाच्या मनगटावर रक्ताचा एक बारका थेंब आला. तो पुसायला म्हणून रहिमतबीनं पदर पुढे केला आणि मध्येच थांबवला. पंचवीस वर्षं ती मुळशीच्या खोऱ्यात बांगड्या भरत होती. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या हातात कधी एखादी वाढली असेल, तो धंदाच काचेचा. पण नवरीच्या चुड्यातली एकही तिच्या हातून वाढली नव्हती. वाढली म्हणायचं. फुटली हा शब्द चुड्याच्या बाबतीत कुणी तोंडातून काढत नाही, आणि मणेराच्या, बांगड्या विकणाऱ्याच्या, घरात जन्म गेलेल्या बाईला तर तो मनात आणायचीसुद्धा सवय नसते. आज तिच्या मनात नेमका तोच आला. फुटली. माझ्या हातून फुटली.

“अगं बया!” कुणीतरी पुटपुटलं. नवऱ्या मुलाची आत्या गोजराबाई खास चुडा बघायला म्हणून सकाळच्या एसटीनं उरुळीहून आली होती. भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली ती बाई पाय आवरून ताठ झाली. “ह्योच का तुमचा त्यो हात?” ती म्हणाली, पण रहिमतबीला नव्हे, लीलाबाईला. आणि लीलाबाई, जी एरवी भुकूमच्या पाटलालाही दोन शब्द जास्तच सुनवायची, ती खाली जमिनीवरच्या हिरव्या तुकड्यांकडे बघत राहिली. गोजराबाईचंही काय चुकलं म्हणावं? आत्ता घटकेपूर्वीच म्हातारी सारजाबाई तिला रहिमतबीच्या हाताची कथा मीठमिरची लावून सांगत होती. ह्या हातानं भरलेला चुडा कधी उतरत नाही, ह्या हातानं पुरातून माणूस माघारी आणलाय, वगैरे वगैरे. रहिमतबी ती कथा नेहमीसारखी खाली मान घालून ऐकत होती आणि रत्नाचा पंजा दाबून दाबून सैल करत होती. कथा संपते न संपते तोच हे. आता हळद कुटून व्हायच्या आत ही गोष्ट भुकूममध्ये होईल, संध्याकाळच्या गाडीनं पौडात पोचेल, आणि परवाच्या बाजारात घोटावड्यापासून ताम्हिणीपर्यंतच्या बायका एकमेकींना सांगतील, की रहिमतबीचा हात फिरला. पोट चाललं होतं ते ह्या हाताच्या नावावर. आणि नाव झालं होतं ते ह्याच घरात, ह्याच माजघरात, ह्याच लीलाबाईमुळे.

तुकडे वेचायला ती वाकली. वेचता वेचता बोटांनीच तिला सगळं सांगून टाकलं. काच चांगली होती. रविवार पेठेतल्या दुकानात बसून तिनं ह्या चुड्याच्या बांगड्या एकेक करून नखानं वाजवून घेतल्या होत्या. दुकानदार कंटाळून म्हणाला होता, बाई, लग्न काय तुमचं आहे? जोड कुठे कच्चा असला तर बांगडी बद्द वाजते, आणि ह्यातली एकही बद्द वाजली नव्हती. पोरीनंही काही केलं नव्हतं. रत्ना गुणाची, हात असा सैल सोडून बसली होती की जणू तो तिचा नव्हेच. चूक अंगठ्याची होती. तिच्या स्वतःच्या उजव्या अंगठ्याची. दसऱ्यापासून तो बुडाशी आखडायला लागला होता. सकाळी चूल पेटवताना काडी धरवत नसे. सून फहमिदा रोज तीळतेल कोमट करून चोळून द्यायची, आणि बाहेर पडताना रहिमतबी तो अंगठा पदराखाली घेऊन उघडमीट करत एसटीच्या थांब्यापर्यंत चालायची, म्हणजे गिऱ्हाइकासमोर तो शहाण्यासारखा वागेल. बांगडी चढवायची युक्ती सगळी तिथेच असते. नवरीच्या अंगठ्याचं हाड तळहाताकडे दुमडून नेमक्या क्षणी दाबायचं आणि दुसऱ्या हातानं बांगडी पुढे सारायची. आज उजव्या हाताचा चुडा बिनबोभाट झाला. डाव्याच्या चार झाल्या. पाचवीला दाबायचा तेव्हा अंगठा दाबला गेला नाही, आणि दुसऱ्या हातानं बांगडी मात्र सवयीनं पुढे सारली. बस, एवढंच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतली ती नव्हती, पण अंगण वाकडं म्हणायची सोय मात्र समोर होती. एका शब्दात काचेवर ढकलता आलं असतं. काच काही उलटून बोलत नाही.

वेचता वेचता एक तुकडा तिच्या स्वतःच्या मनगटावरच्या वणावर घासला गेला. जुना वण. काचेचाच. ताम्हिणीच्या खाली ओढ्याला लोंढा आला आणि तिचा नवरा अलाउद्दीन डोक्यावरच्या टोपलीसकट गेला, त्या श्रावणातला. तिसऱ्या दिवशी सापडला. टोपली सापडली नाही. ती बावीस वर्षांची होती, मुलगा सिराज दीड वर्षाचा, आणि सासूनं, मुनीराबीनं, तिला उंबऱ्याबाहेर बसवून तिचे दोन्ही हात दगडावर धरले होते. त्या हातांतल्या बांगड्या अलाउद्दीननंच भरलेल्या. त्याचा हात असा हलका की बांगडी कधी चढली ते बाईला कळत नसे. तो हात चिखलात तीन दिवस होता ह्याच विचारात ती बसली होती, म्हणून दगड कधी खाली आला तेही तिला कळलं नाही. रक्त दिसलं तेव्हा कळलं. सासू काही दुष्ट नव्हती. तिचा पोटचा पोरगा गेला होता, आणि कशावर तरी दगड मारल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. विधवेनं पाळायचे चार महिने दहा दिवस घरात बसून झाल्यावर सासऱ्यानं एक नवी टोपली आणून तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, पोरी, घरात खायला काही नाही, तुला त्याची गावं माहीत आहेत. तर मुनीराबी उठली, आतून चार बांगड्या घेऊन आली आणि सुनेच्या उघड्या हातांत भरायला लागली. “नंग्या हाताच्या बाईकडनं बांगड्या कोन घेईल?” ती म्हणाली. जिनं फोडल्या तिनंच भरल्या. भरताना रडत होती का नव्हती हे रहिमतबीला आता आठवत नाही, पण पोटासमोर रीत कशी मुकाट्यानं बाजूला सरकते ते तिनं त्या दिवशी पाहिलं, आणि ते ती कधी विसरली नाही.

मग पंचवीस वर्षं पाय आणि टोपली. पौडाहून निघायचं, एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर खडीच्या ट्रकवर, नाहीतर आपले पाय. पहिल्या वर्षी लोकांनी तिच्या हातातल्या बांगड्या बघितल्या आणि नवरा असेल म्हणून धरून चालले. नंतर सगळ्यांना कळलं. कळल्यावर चार दिवस कुजबुज झाली, आणि पुढे त्यावर तोडगाही निघाला, “त्येंच्यात चालतं.” काय चालतं आणि काय नाही हे तिला कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. ती भूक काढायला शिकली. ताम्हिणीच्या पावसात टोपलीवर इरलं आणि स्वतःवर काहीच नाही असं चालायला शिकली. कुठल्या घरच्या बाईचे हात भात लावून राठ झालेत, कुठलीचे बाळंतपणानं सुजलेत, कुठलीच्या दंडावर काळंनिळं आहे आणि ती पदर ओढून घेते, हे तिला चेहरे न बघता कळायला लागलं. हात खोटं बोलत नाहीत. एका बाजारात दोन सारखे हात तिनं कधी पाहिले नाहीत. आणि राठातला राठ हात, जो दुसऱ्या कुणाला जमला नसता, तो साबणाचा थेंब लावून, बोलण्यात गुंतवून, न दुखवता भरून दिला, की तिला जे वाटायचं ते नमाज पढल्यावर वाटावं तसं असायचं. हे मात्र तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मौलवींनी काय म्हटलं असतं कोण जाणे.

पानशेत फुटलं त्या आषाढात लीलाबाई ह्या घरात नवी नवरी होती. चुडा रहिमतबीनंच भरलेला. तेव्हा अजून नाव वगैरे काही झालेलं नव्हतं. पौडात दुसरा मणेर आजारी होता म्हणून हिला बोलावलं होतं इतकंच. लीलाबाईचा नवरा कुशाबा पहाटेच सायकलला किटल्या अडकवून पुण्यात दूध घालायला गेला आणि त्याच दिवशी धरण फुटलं. चौथ्या दिवशी कुणीतरी नदीकाठच्या गाळात सापडलेली त्याची एक किटली आणून दिली, नाव कोरलेली. पाचव्या दिवशी घरच्या थोरल्या बायकांनी ठरवलं की आता वाट बघण्यात अर्थ नाही. रहिमतबी सहज म्हणून दारावरून चालली होती, आकांत ऐकून थबकली. लीलाबाईला ह्याच दाराबाहेर बसवलं होतं. अठरा वर्षांची पोर, हात पुढे धरलेले, आणि एका म्हातारीच्या हातात पाट्यावरचा वरवंटा. रहिमतबीनं टोपली खाली ठेवली आणि ती मध्ये शिरली. “फोडू नगा,” ती म्हणाली होती. “पोरीला लागंल. मी काढते.” आणि तिनं त्या एकवीस बांगड्या एकेक करून उतरवल्या. चढवण्यापेक्षा उतरवणं अवघड, त्यात हात रडून आणि उपासानं सुजलेले. दोन तास लागले असतील. एकही वाढली नाही. दोरीत ओवून तिनं त्या टोपलीच्या तळाशी टाकल्या. विकता येणार नव्हत्या, टाकून देववत नव्हत्या. नवव्या दिवशी तापानं फणफणलेला कुशाबा कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून घरी आला. इतके दिवस तो एका शाळेत निजून होता. आणि रहिमतबीला भुकूमला बोलावणं आलं, त्याच बांगड्या त्याच हातात भरायला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. पण फांदीवर कावळा दिसला म्हणजे लोकांना फांदीचं काही पडलेलं नसतं. महिन्याभरात सारजाबाईच्या तोंडून कथा तयार झाली. रहिमतबीनं डोळे मिटले आणि म्हणाली, फोडू नका, तो जित्ता आहे. पुढच्या वर्षी त्यात ती बांगड्यांवर काहीतरी पढलीही. रहिमतबीनं एकदाच तोंड उघडलं होतं, “तसं न्हाई हो काकू,” एवढंच, तर सारजाबाई हसून म्हणाली, “गुण असतो त्याला कळत न्हाई.” त्यानंतर तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. का उघडावं? त्या लगीनसराईत चौदा चुडे मिळाले. सिराजच्या अंगात सदरा आला. पुढे पुढे तर नुसत्या बांगड्या राहिल्या नाहीत. नवी गाय आणली की तिला हात लावायला रहिमतबी, भाताच्या राबात पहिली मूठ टाकायला रहिमतबी. “सोन्याचा हात हाय बाई तुझा,” म्हणायचे आणि त्याच दमात डझनामागे चार आण्यांसाठी घासाघीस करायचे. नशीब द्यायला कुणाचं काय जातं? तिचं छप्पर तीन पावसाळे गळत होतं तेव्हा ह्या सोन्याच्या हाताला एक पेंढी गवत कुणी दिली नव्हती. आणि माले गावच्या धोंडाबाईची लेक, जिचा चुडा हिनंच भरला होता, ती वर्षाच्या आत नवरा जाऊन उघडी पडली, तेव्हा लोकांनी सगळा दोष त्या पोरीच्या पत्रिकेवर टाकला आणि हिचा हात बाजूला ठेवला. ती रात्रभर रडली होती. तिला कुणी दोष दिला नाही ह्याचं तिला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं ह्याची अजून लाज वाटत होती.

“हात फिरला म्हणायचं आन काय,” गोजराबाई म्हणाली. “लीलाबाई, मी सांगते, ऱ्हायलेला हात पुण्याच्या कासाराकडनं भरून घ्या. इषाची परीक्षा नगं.”

लीलाबाईनं मान वर केली. पंचेचाळिशीच्या आतली, अंगानं भरलेली, घरात धान्याच्या कणग्या आणि गोठ्यात सात म्हशी असलेली बाई. तिनं एकदा रहिमतबीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत रहिमतबीला दिसलं की ही आपल्याला तारायचं म्हणतेय. “काय हात फिरला न्हाई न् बित न्हाई,” लीलाबाई ठसक्यात म्हणाली. “पोरीची दिष्ट निघाली. सकाळधरनं अर्धं गाव बघून गेलंया तिला. जे काय हुतं ते बांगडीनं अंगावर घेतलं. म्हनूनच तर हिला बलावत्यात!” माजघरातून एक सुस्कारा फिरला. “व्हय बाई, दिष्टच,” सारजाबाई लगेच म्हणाली आणि कानशिलावर बोटं मोडली. उखळात मुसळ परत पडलं. गोजराबाईचा चेहरासुद्धा जरा सैलावला. दृष्ट निघाली म्हणजे वाईट ते गेलं, आणि तेही लग्नाआधी, म्हणजे बरंच की. झालं होतं सगळं. रहिमतबीनं फक्त मान खाली घालायची होती, जशी ती तेवीस वर्षं घालत आली होती, आणि सहावी बांगडी हातात घ्यायची होती. तुटलेली बांगडीसुद्धा आता कथेत गेली असती आणि परवाच्या बाजारात नाव उलट वाढलं असतं.

तिनं सहावी बांगडी हातात घेतलीसुद्धा. पण अंगठा दुखत होता. इतका खराखुरा दुखत होता, आणि त्या माजघरात त्या दुखण्याला जागाच नव्हती. दृष्टीला होती, गुणाला होती, पढण्याला होती. गेल्या आठवड्यात सिराज म्हणाला होता, “अम्मी, मी पिरंगुटच्या कंपनीत पर्मनंट झालोय, आता सोड हे. लोक तुला देव्हाऱ्यात बसवतात आणि उंबऱ्याबाहेर चहा देतात.” ती चिडली होती, कारण ते खरं होतं, आणि त्यापेक्षा जास्त म्हणजे त्यात काहीतरी राहून गेलं होतं जे त्याला दिसत नव्हतं. ते काय, हे आता तिला दिसलं. तिनं दोन तास बसून उतरवलेल्या एकवीस बांगड्या. ते काम तिचं होतं. अलाउद्दीनच्या हाताखाली शिकलेलं, पुढे स्वतःच्या हातानं वाढवलेलं. त्या दिवशी तिथे नशीब नव्हतं, दोन हात होते, आणि ते तिचे होते. सगळ्या खोऱ्यानं मिळून तेच तिच्याकडून काढून घेतलं होतं आणि बदल्यात गुण दिला होता. आज चूक झाली तीही काढून घेत होते. चूक जर माझी नाही, तर बरोबर तरी माझं काय होतं? तिनं बांगडी परत खाली ठेवली.

“वैनी, दिष्ट न्हाई ती,” ती म्हणाली. “हात चुकला माझा.”

“गप गं,” लीलाबाई दाताखाली म्हणाली.

“का गप? बांगडी चांगली हुती, मी सवता वाजवून आणलीया. पोरीनं हात सैल सोडला हुता. माझा आंगठा दसऱ्यापासनं आखडतुया, त्यो ऐन वक्ताला वळला न्हाई. येवढंच झालंय.”

“बघा, तिच्याच तोंडानं कबूल करतीया,” गोजराबाई म्हणाली.

“व्हय, करतीया कबूल. चूक कबूल करायला लाज कसली? चोरी थोडीच केलीया?”

सारजाबाई कासावीस झाली. तिची इतक्या वर्षांची कथा डोळ्यांदेखत उसवत होती. “आगं पर तुझा गुण... पुरातनं कुशाबाला तूच न्हाई का...”

“त्ये त्येंच्या पायानं आलं, काकू. मला काय ठावं ते जित्तं हायेत म्हनून? मला बी वाटलं हुतं, गेलं. मी काय पढले बी न्हाई आन डोळं बी मिटलं न्हाईत. डोळं मिटून बांगड्या निघत्यात व्हय?”

रत्नाच्या बाजूला बसलेली एक पोरगी फिसकन् हसली आणि आईची नजर बघून गप्प झाली. लीलाबाईचा चेहरा उतरला होता. तेवीस वर्षं तिनं आपल्या कुंकवाची जी गोष्ट मनात जपली होती, त्यात ती देवाची लाडकी होती, तिच्यासाठी कुणीतरी वरून हात फिरवला होता. ती हळू आवाजात म्हणाली, “मग का काढल्यास माझ्या बांगड्या? तुला कुनी सांगितलं हुतं?”

“तुमची कीव आली म्हनून.”

कीव ही वरच्यानं खालच्याची करायची असते. पिठाच्या शेरासाठी ज्या दारात ती उभी राहिली होती, त्या दारच्या मालकिणीला ती सगळ्यांसमोर हे म्हणाली होती. गुण म्हटला की कुणाला काही द्यावं लागत नाही, देवाचं देणं ते देवाला परस्पर पोचतं. कीव म्हटली की एक माणूस दुसऱ्या माणसासमोर उभं राहिलेलं असतं. पण आता शब्द गेला होता, आणि तिला आश्चर्य वाटलं की तो परत घ्यावासा वाटत नव्हता. उलट पाठ ताठ झाली होती. गेली कित्येक वर्षं टोपलीच्या ओझ्यानं वाकलेली पाठ, ती आपोआप सरळ झाली होती.

“माझी?” लीलाबाई म्हणाली. “तुला?”

“व्हय. आठरा वर्साचा हात हुता तुमचा. माझं मनगट दगडावर धरलं हुतं, ते मला दिसलं. तुमच्या बी हातावर वण नगं, येवढंच मनात आलं.”

गोजराबाई उठून उभी राहिली. “आमच्या घरच्या सुनंला असल्या बाईच्या हातचा चुडा...”

“सून उद्यापासनं,” लीलाबाई म्हणाली. “आज लेक हाय माझी. बसा तुमी.” गोजराबाई बसली नाही, तणतणत ओसरीवर गेली. लीलाबाईनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले, गोरे, जाड झालेले, मनगटाला एकही खूण नसलेले. मग चुलीकडच्या बाईला म्हणाली, “पानी कडत कर जरा. आन मीठ टाक त्यात.” आणि रहिमतबीकडे न बघता, अगदी भांडल्यासारख्या आवाजात विचारलं, “दसऱ्यापासनं दुकतुया, आन मला बोलली न्हाईस?”

“तुमी कुटं इचारलंत?”

पाणी आलं. परातीत हात बुडवून रहिमतबी बसली आणि माजघर तिच्या अंगठ्याकडे बघत बसलं, सुजलेल्या, काचेनं बारीक बारीक चिरे पडलेल्या, नखाशी काळ्या पडलेल्या अंगठ्याकडे. इतकी वर्षं सगळ्यांनी हा हात पाहिला होता, त्याला कपाळ टेकलं होतं, आणि असा तो कुणी पाहिला नव्हता. तिला संकोच वाटला. पण हात तिनं काढला नाही. गरम पाणी हाडापर्यंत गेलं तेव्हा तिनं अंगठा दोनदा वळवून पाहिला, पदराला पुसला आणि म्हणाली, “पोरी, हात दे.”

घाई केली नाही. राहिलेल्या बांगड्या तिनं एकेक करून भरल्या, प्रत्येक वेळी आधी अंगठ्याला विचारून. दोनदा थांबली. एकदा दुखलं म्हणून मोठ्यानं “या अल्ला” म्हणाली आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. चुडा पुरा झाला. मोडलेल्या बांगडीच्या जागी दुसरी आली होती.

चुडा भरून झाला की नवरीनं भरणारीच्या पाया पडायचं, अशी रीत. रत्ना उठली, वाकली, हिरव्याकंच हातांनी तिनं रहिमतबीचे पाय धरले. आता आशीर्वाद यायचा होता. एवढं सगळं ऐकल्यावरही सारजाबाईनं हात जोडले होते. लीलाबाईसुद्धा पदर सावरून उभी होती. आणि ओसरीवरून उठून गोजराबाई दाराच्या चौकटीत येऊन थांबली होती. चुडा नको म्हणणारी ती बाई आशीर्वाद मात्र चुकवायला तयार नव्हती. रहिमतबीनं त्या सगळ्यांकडे एकवार पाहिलं. तिला राग आला नाही. हसू आलं. तिनं रत्नाला खांद्याला धरून उभं केलं, दोन्ही हात उजेडात धरून बांगड्या एकदा नीट निरखल्या, आपलं काम बघावं तशा, आणि म्हणाली, “मी चांगल्या भरल्यात, पोरी. हितनं म्होरं तुझं तू सांभाळ.”